गेटवरचा वेळ, हायवेवरचे अंतर
माल पाठवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून, पिंपळगाव-लासलगावच्या खळ्यांवरून माल भरणारे आमचे बहुतेक ग्राहक दोन ठिकाणी ट्रक ड्रायव्हरला भेटतात. एकदा स्वतःच्या गेटवर आणि नंतर हायवेवर, स्वतःच्या कारमधून किंवा मोटारसायकलवरून. गेटवर ड्रायव्हरची जी झोप जाते, तिची भरपाई त्याच रात्री रस्त्यावर कोणाला तरी करावी लागते. म्हणून या पत्रकात दोन्ही ठिकाणांबद्दल लिहिले आहे.

आधी वेळेचे गणित

नाशिक ते दिल्ली सुमारे साडेबाराशे किलोमीटर. भरलेली गाडी घाट, टोल, चेकपोस्ट आणि डिझेलचे थांबे धरून ताशी ४५ किलोमीटरची सरासरी काढते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटर परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार ड्रायव्हरचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास असे. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ते दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत असे. दहा तासांचा दिवस धरला तरी एका ड्रायव्हरचे ४५० किलोमीटर होतात, म्हणजे दिल्लीला तीन दिवस. "परवा सकाळी माल लागलाच पाहिजे" असे बुकिंगला सांगितले, की त्याचा एकच अर्थ निघतो: कोणीतरी दोन रात्री जागणार.

माल खरोखरच नाशवंत असेल, तर बुकिंग करतानाच दोन ड्रायव्हरची गाडी मागा. भाडे वाढते, पण एक चालवताना दुसरा केबिनमध्ये खरी झोप घेतो. बाकी मालाला घाई नसते. ई-वे बिलाचा (माल नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचा) कायदासुद्धा दर २०० किलोमीटरला एक दिवस देतो, म्हणजे दिल्लीला सात दिवस. वाटेत गाडी बंद पडली आणि मुदत संपत आली, तर संपण्याच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते. ड्रायव्हरला पळवायची गरज नाही, ऑफिसला एक फोन पुरतो.

तुमच्या गेटवर

रात्रभर चालवून आलेला ड्रायव्हर सकाळी आठला गेटवर पोचतो. वॉचमन सांगतो, "नंबर लागेल, थांबा." रांग दर वीस मिनिटांनी पुढे सरकते आणि आजकाल बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी पुढे घ्यायला त्यालाच उठावे लागते. संध्याकाळी सहाला गाडी खाली होते. कागदोपत्री तो दहा तास 'थांबलेला' असतो, म्हणून दुसरे भाडे लगेच घेतो. झोप मात्र झालेली नसते. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर आपणहून झोपेकडे ओढले जाते. स्टेअरिंगवरची डुलकी तीन सेकंदांची असली तरी ताशी ८० ने गाडी त्या वेळात ६६ मीटर कोणाच्याही ताब्याविना जाते.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. गाडी आली की ड्रायव्हरला नक्की वेळ सांगा: "तीन वाजता या, तोपर्यंत कोणी उठवणार नाही." वेळ सांगता येत नसेल तर टोकन देऊन मोबाइल नंबर घ्या आणि नंबर लागण्याआधी अर्धा तास फोन करा. रांगेऐवजी गाडी बाजूला उभी करायला जागा द्या, शक्यतो सावलीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे, पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या इंजिनावरच्या त्या केबिनमध्ये झोपून बघितल्याशिवाय तिथली तगमग कळत नाही. पिण्याचे पाणी, आंघोळीला एक नळ आणि कुलूप नसलेले संडास एवढे गेटच्या आत मिळाले तर ड्रायव्हर तुमच्या कारखान्याचे नाव लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तुमचे भाडे कोणी टाळत नाही, हा तुमचाही फायदा.

गाडी हलवण्याआधी खाली वाकून बघायला सांगा. सावलीसाठी क्लीनर आणि हमाल गाडीखाली झोपतात आणि आवारात गाडी मागे घेताना होणारे सर्वांत वाईट अपघात यातूनच होतात. गाडी भरताना चाकाखाली लाकडी ठोकळा हवाच.

माल कमी भरला किंवा फुटला तर पोचपावतीवर तसा शेरा लिहा आणि आमच्या ऑफिसशी बोला. ड्रायव्हरच्या खिशातून पैसे कापून घेऊ नका, त्याला अडकवून ठेवू नका. सील त्याने लावलेले नसते आणि पेटीत काय होते हे त्याने पाहिलेले नसते. माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, म्हणजे वराई आणि हमाली, कोण देणार हेही बुकिंगच्या वेळीच ठरवा. उतरवायच्या जागी यावरून होणाऱ्या वादात तास-दोन तास जातात आणि ते तास पुन्हा त्याच्याच झोपेतून वजा होतात.

माल कसा भरावा

दहा टायर गाडीचे मालासकट एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालते. २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवली तेव्हापासूनचा हा आकडा आहे. त्यावर पाच टन चढवले तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,०००, म्हणजे एकूण ३०,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. आमची खरी चिंता दंडाची नाही. तोच घाट उतरताना ब्रेकना सुमारे सहावा हिस्सा जास्त उष्णता पेलावी लागते आणि कंपनीने ब्रेक त्या हिशेबाने बनवलेले नसतात.

जड नग हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवून आणि मधोमध ठेवा. सगळे वजन मागच्या दाराकडे, म्हणजे फाळक्याकडे, गेले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. एका बाजूला जास्त भरले तर वळणावर गाडी कलते. कागदाचे रोल, पत्र्याच्या कॉइल, ड्रम यांना दोन्ही बाजूंनी पाचर मारून वेगळा पट्टा बांधा. नुसत्या ताडपत्रीने ते अडत नाहीत. ताडपत्री बांधताना मागचे दिवे, नंबरप्लेट आणि रिफ्लेक्टरची पट्टी झाकली जाणार नाही हे पाहा. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी अशा या पट्ट्या असतात. रात्री उभ्या ट्रकवर मागून कार धडकते तेव्हा पुष्कळदा ही लाल पट्टी दोरीखाली किंवा चिखलाखाली गेलेली असते. ओल्या फडक्याने ती पुसायला अर्धे मिनिट लागते.

आता तुम्ही हायवेवर आहात

ताशी ८० ने चाललेला भरलेला ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबल्यावर नळ्यांतून हवा चेंबरपर्यंत पोचून ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला टेकायला आणखी अर्धा सेकंद, म्हणजे ११ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, सुमारे ५० मीटर. बेरीज शंभर मीटरच्या आसपास. कार त्याच वेगात ६५-७० मीटरमध्ये थांबते. पावसात दोन्ही आकडे वाढतात.

म्हणून ट्रकसमोर मोकळी दिसणारी जागा रिकामी नसते. ड्रायव्हरने ती थांबण्यासाठी राखलेली असते. ओव्हरटेक करून त्याच्या पुढे दहा मीटरवर गाडी घातली आणि टोलनाका दिसला म्हणून ब्रेक मारला, तर त्याच्याकडे अर्धा सेकंदही उरत नाही. ओव्हरटेक झाल्यावर आतल्या आरशात ट्रकचे दोन्ही हेडलाइट पूर्ण दिसल्याशिवाय लेनमध्ये येऊ नका आणि आल्यावर वेग कमी करू नका. ट्रकच्या मागे असाल तर तीन सेकंदांचे अंतर ठेवा, पावसात पाच.

ड्रायव्हरला काय दिसत नाही, हेही माहीत हवे. आपल्याकडचे बहुतेक ट्रक सपाट तोंडाचे आणि उंच असतात. बंपरला लागून उभी असलेली स्कूटर त्याला काचेतून दिसतच नाही. सिग्नलला ट्रकच्या अगदी पुढे जाऊन थांबणे म्हणूनच जिवावरचे आहे. मागच्या फाळक्यापासून साधारण नऊ मीटर त्याला काही दिसत नाही. डावी बाजू सर्वांत वाईट, कारण तो उजवीकडे बसलेला असतो. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. लांब ट्रेलर डावीकडे वळताना आधी उजवीकडे सरकतो, कारण मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून कापत येतात. तेव्हा डावीकडे जी जागा उघडते तिच्यात मोटारसायकल घालू नका. काही सेकंदांत ती जागा बंद होते.

एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करतो आणि तुम्ही मागे अडकता, याचा राग सगळ्यांनाच येतो. पण ट्रकला ८० वर स्पीड गव्हर्नर असतो. ७५ ने जाणाऱ्या ट्रेलरला ८० ने पार करायला पाऊण ते एक मिनिट आणि एक किलोमीटरहून जास्त रस्ता लागतो. हॉर्नने तो वेळ कमी होत नाही. उजव्या लेनला चिकटून चालणे मात्र चूकच आहे. आम्ही ड्रायव्हरना तसे सांगतो. डाव्या लेनमध्ये उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली, ढाब्यासमोर उभ्या गाड्या, मध्येच घुसणारे ट्रॅक्टर असतात, म्हणून ही सवय लागते. कारण समजले तरी सवय बरोबर ठरत नाही. तुम्ही डिपर द्या, त्याने बाजू दिली की उजवीकडूनच जा. डावीकडून झपाट्याने काढणे म्हणजे त्याला न दिसणाऱ्या जागेत शिरणे.

दुपदरी रस्त्यावर ट्रकच्या इंडिकेटरवर विसंबू नका. काही ड्रायव्हर "पुढे रस्ता मोकळा आहे, जा" म्हणून इंडिकेटर देतात, काही खरोखर वळायला देतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय निघू नका.

घाटात

चढावर ट्रकला लय लागते. तुम्ही अचानक पुढे थांबलात तर त्यालाही थांबावे लागते आणि भरलेली गाडी पुन्हा उचलताना दोन-चार फूट मागे येऊ शकते. त्यामुळे चढावर ट्रकच्या मागे उभे राहताना किमान एका कारची जागा सोडा. अरुंद घाटात वर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, असा नियमच आहे.

उतार जास्त धोक्याचा. सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतो, लायनरची पकड कमी होत जाते आणि एका टप्प्यानंतर पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. यासाठी ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचे, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक थोडा-थोडा, मध्ये सोडून वापरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले तर इंजिनाची अडवणूक जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि इंजिन मंद फिरत असल्यामुळे हवेची टाकीही सावकाश भरते. पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर असे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. जुलै २०२३ मध्ये आमच्याच मुंबई-आग्रा मार्गावर, शिरपूरजवळ पळासनेरला, ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचा जीव गेला. ड्रायव्हरला मोजूनमापून कमी डिझेल देऊन उरलेल्यावर बक्षीस ठेवणे म्हणजे न्यूट्रलला आमंत्रण, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे फार घासून कमी करून घेतले की ही पद्धत कुठे ना कुठे शिरतेच.

कसारा किंवा बिजासन घाटात ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना दिसला तर तो नीट चालवतो आहे. त्याला मागून हॉर्न देऊ नका. चाकातून धूर किंवा जळका वास येत असेल तर पुढे जाऊन हाताने खूण करा आणि चाकाकडे बोट दाखवा. गाडी थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी मारू देऊ नका, तो तडकतो. अर्धा-पाऊण तास नुसता थंड होऊ द्यावा.

रात्री आणि अपघातात

समोरून ट्रक आला की अपर बंद करा. ड्रायव्हर उंच बसला म्हणून त्याचे डोळे दिपत नाहीत, हा गैरसमज आहे. कडेला उभा ट्रक दिसला तर तो हलतो आहे की थांबलेला, हे अंधारात लवकर कळत नाही. वेग आधी कमी करा, अंदाज नंतर. आमची गाडी बंद पडली तर मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवायची सूचना आहे. दगड आणि फांद्या ठेवून निघून जाणाऱ्यांमुळे पुढच्या मोटारसायकलस्वाराचा जीव जातो.

अपघात दिसला तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. चूक कोणाची हे तिथे ठरवू नका. जमाव ट्रक ड्रायव्हरवर धावून जातो, म्हणून तो पळतो, आणि जखमीला बाहेर काढायला सर्वांत जवळ असलेला माणूस निघून जातो. त्याला मारहाणीपासून वाचवणे ही जखमीचीच मदत आहे. टँकर उलटला असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब उभे राहा. सांडलेले डिझेल-पेट्रोल भरायला कोणालाही जाऊ देऊ नका. टँकरवरच्या फलकावर रसायनाचे नाव आणि आपत्कालीन नंबर असतो, तो दुरूनच वाचून ११२ ला सांगा.

आमच्या गाडीचे चालवणे बेदरकार वाटले तर गाडी नंबर, ठिकाण, वेळ आणि दिशा बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) छापलेल्या ऑफिसच्या नंबरवर कळवा. जीपीएसवरून त्या वेळचा वेग आणि त्याआधीचे थांबे आम्ही काढतो. ड्रायव्हरशी बोलण्याआधी त्याला आदल्या दिवशी कोणत्या गेटवर किती तास उभे ठेवले होते, तेही पाहतो. ते गेट तुमचे निघाले तर फोन तुम्हालाही येईल.