पैसे पाण्यात घालण्याआधी

‘पाणी म्हणजे उद्याचं तेल’ असं सांगणारे व्हिडिओ हल्ली रोज फोनवर येऊन पडतात. ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थराचा) पडदा येतोय, समुद्र जवळजवळ फुकटात गोड होणार, हवेतून पाणी निघणार, तेव्हा आत्ताच पैसे लावा! शेअर घ्यावा की नाही हे सांगायला मी कुणी सल्लागार नाही. पण यातल्या निम्म्या दाव्यांची शहानिशा करायला ताळेबंद वाचता यावा लागत नाही, अकरावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

मनुका पाण्यात टाकली की फुगते, तेच परासरण. क्षार अडवणाऱ्या पडद्यातून पाणी आपणहून पातळ द्रावणाकडून गाढ द्रावणाकडे जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तिथे ही ओढ थोपवायला सुमारे २७ बार दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). त्याहून जास्त दाब दिला की गाडी उलटी फिरते. पाणी पडद्यातून पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. आपल्या ओट्याशेजारी भिंतीवर लटकलेल्या आरओचं तत्त्वही हेच, फक्त नळाच्या पाण्यात क्षार कमी म्हणून दाबही कमी.

आता एक छोटा गुणाकार करू. दाब गुणिले आकारमान म्हणजे ऊर्जा. २७ बारला एक घनमीटरने, म्हणजे हजार लिटरने, गुणलं की २७ लाख ज्यूल येतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे समुद्राचं पाणी गोड करायला हजार लिटरमागे किमान पाऊण युनिट लागणारच. पडदा ग्राफीनचा असो, नॅनोचा असो की आणखी कशाचा, यातून सुटका नाही. शिवाय गोडं पाणी काढत जावं तसं मागे उरलेलं पाणी अधिक खारं होतं. निम्मं पाणी काढायचं म्हटलं तर ही किमान मर्यादा एक युनिटाच्या किंचित वर जाते. आजचे चांगले प्रकल्प पाणी समुद्रातून उचलण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं धरून ३ ते ४ युनिटांत हे काम करतात. तेव्हा ‘वीज ९० टक्के वाचवतो’ असं कुणी म्हणालं, तर तो भौतिकशास्त्राच्या नियमालाच सूट मागतोय.

ग्राफीनचंच बघा. पडद्यातून पाणी कितीतरी पट वेगाने जाईल, असं २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं आणि बातम्यांचा पूर आला. दोन वर्षांनी त्याच गटाने पुढचा हिशेब मांडला. पडद्यातून पाणी तिप्पट सहज जाऊ दिलं तरी समुद्राच्या पाण्यासाठी लागणारी ऊर्जा जेमतेम १५ टक्क्यांनी घटते. ही बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

मग १९७० च्या दशकात याच कामाला आजच्या कित्येक पट वीज लागायची, ती उतरली कशी? पडदे सुधारले हे खरंच. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात पहिला कामाचा पडदा बनवला आणि पुढे जॉन कॅडॉट यांचा पॉलिअमाइड या नायलॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा अतिपातळ थर आला. पण माझं मन जडलंय ते दुसऱ्याच एका वस्तूवर.

६० बार दाबाने १०० लिटर समुद्राचं पाणी आत ढकललं, तर साधारण ४० लिटर गोडं मिळतं. उरलेलं ६० लिटर गाढं खारं पाणी पडद्याला वळसा घालून बाहेर येतं, आणि त्याचा दाब जवळजवळ तेवढाच असतो! म्हणजे हजार लिटर गोड्या पाण्यामागे पंपाने चार युनिटं ओतली, तर त्यातली अडीच या टाकाऊ पाण्यात असतात. पूर्वी या पाण्यावर चाक फिरवून ती वसूल करायचे. पण पाण्याचा दाब चाकाच्या दांड्यात आणि दांड्यातून परत पाण्यात, असं दोनदा रूपांतर झालं की दोनदा गळती होते.

लीफ हाउगे या नॉर्वेच्या संशोधकाने दांडाच काढून टाकला. त्याच्या यंत्रात सिरॅमिकचा एक गोल दंडगोल असतो आणि त्याला लांबीच्या दिशेने आरपार भोकं असतात, रिव्हॉल्व्हरच्या चेंबरला असतात तशी. दंडगोल दोन झाकणांमध्ये फिरतो. एखादं भोक कमी दाबाच्या बाजूला आलं की त्यात ताजं समुद्राचं पाणी शिरतं आणि आधीचं गाढं पाणी बाहेर लोटतं. भोक थोडं पुढे सरकून झाकणाच्या कोऱ्या भागाखाली बंद होतं. आणखी सरकलं की समोर येतं ६० बारचं गाढं पाणी. ते ताज्या पाण्याला थेट ढकलतं आणि आपला दाब देऊन मोकळं होतं. मध्ये दट्ट्या नाही. दोन्ही पाणी एकमेकांना टेकतात, पण भोक लांब आणि वेळ इतका कमी की मिसळण होते ती अगदी थोडी.

हे इतकं छान जमतं त्याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. ६० बारला पाण्याचं आकारमान पाव टक्क्याच्या आसपासच घटतं. स्प्रिंगसारखी ऊर्जा त्यात साठत नाही, म्हणून दाब बदलताना फारशी वायाही जात नाही. हवेने हा खेळ केला असता तर प्रत्येक भोक उघडताना स्फोटासारखी हवा सुटली असती. मोटरही नाही, तिरक्या तोंडांतून येणारा प्रवाहच दंडगोल फिरवतो. बेअरिंगचं काम पाण्याचाच पातळ थर करतो. एकच हलता भाग आणि ऊर्जेची वसुली ९५ टक्क्यांच्या वर! मुख्य पंपाला आता फक्त गोड्या पाण्याइतकंच पाणी दाबावं लागतं. बाकीच्यासाठी दोन-तीन बार भर घालणारा छोटा पंप पुरतो.

हे यंत्र बनवणारी एनर्जी रिकव्हरी ही कंपनी २००८ मध्ये अमेरिकन शेअर बाजारात आली. पुढची काही वर्षं, यंत्रं जगभर बसत असतानाही, शेअर मूळ भावाच्या बराच खाली होता. मोठे प्रकल्प मोजके, ऑर्डर एकदम येते नाहीतर येतच नाही. त्यात सिरॅमिकचा भाग दोन-अडीच दशकं टिकेल असाच बनवलेला, म्हणजे गिऱ्हाईक लवकर परत येणार नाही. पडदे मात्र काही वर्षांनी बदलावेच लागतात.

हवेतून पाणी काढण्याचा हिशेब तर दोन ओळींचा आहे. वाफेचं एक लिटर पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते, ती कुठेतरी नेऊन टाकावी लागते. फ्रिजच्या धर्तीचं चांगलं यंत्र याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी वीज घेईल. तरी हजार लिटरला दोनशेच्या आसपास युनिटं झालीच. वाळवंटातल्या छावणीला ठीक, शहराला नाही.

दारावर येणारा विक्रेता नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो आणि पाणी तपकिरी झालं की ‘बघा वहिनी, हे पिता तुम्ही!’ म्हणतो, तीही याच जातीची हातचलाखी. तो गंज सळीच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. ‘अल्कलाइन’ पाण्याची लाखाची यंत्रं आणि चुंबकाने ‘भारलेलं’ पाणी यांच्याबद्दल लिहून जागा वाया घालवत नाही.

आणि यंत्र उत्तम असलं तरी स्पर्धक कोण ते पाहावं. समुद्राचं पाणी गोड करणारा मेलबर्नचा अवाढव्य प्रकल्प दीर्घ दुष्काळानंतर उभा राहिला, २०१२ मध्ये पूर्ण झाला आणि तोवर पाऊस आला. पाण्याची पहिली मागणी नोंदवली गेली २०१६ मध्ये. करार असल्यामुळे गुंतवणूकदारांना दरवर्षी कोट्यवधी डॉलर मिळतच होते. ते भरले नागरिकांनी.

मुंबईतही मनोरीला रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प ठरला आहे. साडेतीन युनिटांनी धरलं तर रोज ७ लाख युनिटं वीज, वर्षाचे बाराही महिने. मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यातली गळती आणि चोरी मिळून एकूण पुरवठ्याच्या फक्त पाच टक्क्यांइतकी आटोक्यात आली, तरी मनोरीएवढंच पाणी हाती येतं. पाइपला कान लावून गळती हेरणारे सेन्सर बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. त्यांचा व्हिडिओ मला अजून कुणी पाठवलेला नाही.