ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअल: खरे गणित मागच्या चाकांचे

फूजी हेवी इंडस्ट्रीज या जपानी कंपनीने, म्हणजे आजच्या सुबारूने, १९९१ मध्ये एसव्हीएक्स ही दोन दारांची गाडी बाजारात आणली. तिचे रूप जॉर्जेटो जुजारो या इटालियन आरेखकाचे होते आणि बॉनेटखाली ३.३ लिटरचे, सहा सिलिंडरांचे बॉक्सर, म्हणजे सिलिंडर समोरासमोर आडवे असलेले, इंजिन होते. एवढे सगळे असूनही १९९६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत प्रत्येक एसव्हीएक्स चार गिअरच्या ऑटोमॅटिकसहच विकली गेली. साहजिकच अमेरिकेतल्या हौशी मालकांनी तिच्यात मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याचा खटाटोप सुरू केला. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत हा बदल नेमका कुठे अवघड होतो, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

आधी सोपा भाग. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमार्फत पुढे जाते; इंजिन पात्यांच्या एका चाकाने तेल घुसळते आणि ते तेल समोरचे दुसरे चाक फिरवते. म्हणूनच सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही. मॅन्युअलमध्ये हे जोडण्या-तोडण्याचे काम क्लच प्लेट घर्षणाने करते. त्यासाठी कन्व्हर्टर धरणारी पातळ पोलादी चकती काढून तिथे फ्लायव्हील हे जड चाक लावावे लागते. शिवाय क्लचचे पेडल आणि हायड्रॉलिक सिलिंडर, गिअरचा दांडा, मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा योग्य लांबीचा प्रोपेलर शाफ्ट हेही बदलावे लागते. यादी लांब असली तरी यातले बहुतेक सामान अपघातात सापडलेल्या एकाच मॅन्युअल सुबारू गाडीतून मिळू शकते.

खरी अडचण सुबारूच्या रचनेत आहे. तिच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पोटातच पुढच्या चाकांचा डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, असतो. शक्ती गिअरमधून मागे सेंटर डिफरन्शियलकडे जाते, तिथे तिचे दोन भाग होतात, आणि पुढचा वाटा ज्या पोकळ शाफ्टभोवती गिअर बसवलेले असतात त्याच्या आतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने उलट पुढे येतो. मागचा वाटा प्रोपेलर शाफ्टने मागच्या डिफरन्शियलकडे जातो. म्हणजे गिअरबॉक्स बदलला की पुढचा डिफरन्शियल आपोआप बदलतो, मागचा मात्र जुनाच राहतो. प्रत्येक डिफरन्शियलमध्ये दात्यांचे एक ठरावीक गुणोत्तर असते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा, आणि पुढचे-मागचे गुणोत्तर जुळले नाही, तर गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा स्वतःशीच झगडू लागते.

हा झगडा किती मोठा असतो ते मोजता येते. समजा, पुढचे गुणोत्तर ३.९० आहे आणि मागचे ४.११. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेते. पुढच्या बाजूला त्यासाठी शाफ्टचे सुमारे ३,२५० फेरे लागतात, मागच्या बाजूला ३,४२५. हा १७५ फेऱ्यांचा फरक सेंटर डिफरन्शियलला अखंड सोसावा लागतो. वळणावरही फरक पडतो, पण वळण संपले की तो संपतो. सुबारूच्या पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये सेंटर डिफरन्शियलला सिलिकॉन तेलातल्या चकत्यांची व्हिस्कस कपलिंग जोडलेली असते. दोन बाजूंच्या वेगांत फरक पडला की ती त्याला विरोध करते आणि तापते. क्षणभराच्या घसरणीसाठी केलेली ही योजना तासन्‌तास तापवली, तर निकामी झाल्याखेरीज राहत नाही.

एसव्हीएक्सच्या मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.५४५ आहे. अमेरिकेत २००२ पासून विकल्या गेलेल्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये पुढचे गुणोत्तर ३.९० आहे. वरवर पाहता हे दोन आकडे जुळत नाहीत. पण त्या गिअरबॉक्समध्ये मागच्या वाट्यावर १.१ गुणोत्तराची आणखी एक गिअरजोडी असते, आणि ३.५४५ ला १.१ ने गुणले की ३.९० येतात. त्यामुळे एसव्हीएक्सचा मागचा डिफरन्शियल न हलवता हा गिअरबॉक्स बसतो. हा योगायोग माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग आहे.

अर्थात तो फुकट मिळत नाही. हा गिअरबॉक्स डब्ल्यूआरएक्सच्या सुमारे २९४ न्यूटन-मीटर टॉर्कसाठी होता; एसव्हीएक्सचे इंजिन सुमारे ३०९ देते आणि गाडीही बरीच जड आहे. झटक्याने क्लच सोडणाऱ्याने २००४ च्या एसटीआयचा, म्हणजे डब्ल्यूआरएक्सच्या अधिक ताकदवान आवृत्तीचा, सहा गिअरचा दणकट गिअरबॉक्स घ्यावा. मात्र त्यासाठी मागचा डिफरन्शियल ३.९० चा घ्यावा लागतो, सेंटर डिफरन्शियलचे विद्युत नियंत्रणही बसवावे लागते आणि खर्च वाढत जातो.

गाडीचा स्वभावही बदलतो. अमेरिकेतल्या बहुतेक एसव्हीएक्समध्ये संगणक अनेक चकत्यांच्या क्लचने गरजेनुसार शक्ती मागे पाठवत असे. पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतली मूळ विभागणी निम्मी-निम्मी असते आणि तिच्यावर संगणकाचा ताबा नसतो.

वायरिंगमध्ये एक गोष्ट टाळू नये. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’वर (न्यूट्रल) असल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. ते स्विच गेल्यावर तारा नुसत्या जोडून टाकल्या, तर गिअरमध्ये उभी गाडी चावी फिरवताच पुढे उडी घेते. म्हणून ते सर्किट क्लच पेडलच्या स्विचमधून न्यावे. गाडी जागीच अडकवून ठेवणारा ‘पी’मधला खटकाही आता उरलेला नसतो, तेव्हा उतारावर गाडी उभी करण्यापूर्वी हँडब्रेक तपासून घ्यावा.