त्वचारोपण: ग्राफ्ट, फ्लॅप आणि लॅबमध्ये वाढवलेली कातडी

त्वचारोपण म्हणजे शरीरावर एका जागची कातडी काढून दुसऱ्या जागी लावणं, जिथली कातडी जळून, अपघातात सोलवटून, सडून किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढून टाकल्यामुळे गेलेली असते. पेशंटचे नातेवाईक सरळ 'मांडीची कातडी लावली' म्हणतात आणि तेच बरोबर आहे. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना हिरोइनीचं नाक आठवतं, पण या शाखेचं रोजचं काम म्हणजे स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली बाई, मशीनमध्ये सापडलेला हात, गुटख्यापायी गेलेला जबडा. आणि 'प्लास्टिक' या शब्दाचा बादलीवाल्या प्लास्टिकशी काही संबंध नाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं असा आहे.

हा सगळा विषय एका प्रश्नाभोवती फिरतो, लावलेल्या कातडीला रक्त कुठून मिळणार? ग्राफ्टला, म्हणजे रक्तवाहिनीशिवाय सुट्या काढलेल्या कातडीच्या तुकड्याला, ते खालच्या जखमेतून मिळवावं लागतं, फ्लॅप स्वतःची रक्तवाहिनी सोबत घेऊन येतो, आणि लॅबमध्ये वाढवलेल्या टिश्यूचं घोडं आजही बरचसं इथेच अडलंय.

ग्राफ्टमध्ये बहुतेक वेळा मांडीवरून कातडीचा वरचा पातळ थर काढतात, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा, हंबी नाइफ नावाच्या लांब सुरीने किंवा डर्मॅटोम नावाच्या मशीनने. ही कातडी हातात घेतली तर ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जवळजवळ आरपार दिसणारी. जखम मोठी आणि कातडी कमी असेल तर तिला मशीनमधून काढून जाळी पाडतात म्हणजे ती ताणून दीडपट, तिप्पट जागा झाकते, शिवाय खाली साचणारं पाणी आणि रक्त जाळीतून बाहेर पडतं. पहिले साधारण दोन दिवस हा तुकडा खालच्या जखमेतला द्रव नुसता शोषून जगतो, मग त्याच्या तोंड उघड्या केशवाहिन्या खालच्या केशवाहिन्यांना जाऊन मिळतात आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत आत रक्त खेळायला लागतं. म्हणूनच पाचव्या दिवसाच्या आसपास ड्रेसिंग उघडतात तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो, सिस्टर सलाइन ओतून ओतून ड्रेसिंगचं शेवटचं जाळीदार कापड भिजवते, हळूच एका कोपऱ्यातून उचलते, खाली गुलाबी रंग दिसला की ग्राफ्टने धरलं, पांढरा किंवा काळा तुकडा कापडाबरोबरच निघून आला तर गेला. जाण्याची कारणंही ठरलेली, खाली रक्ताची गाठ साचली, इन्फेक्शन झालं किंवा ग्राफ्ट जागचा हलला.

मांडीवरच्या ज्या जागेची कातडी काढली ती कोपर खरचटल्यासारखी उघडी पडते आणि केसांच्या मुळांतून नवी कातडी येऊन साधारण दोन आठवड्यांत भरते. मूळ जखमेपेक्षा हीच जास्त दुखते असं पुष्कळ पेशंट सांगतात, तेव्हा 'मांडीला काय झालंय' म्हणून ते उडवून लावू नये.

पॅरिसमध्ये रेव्हर्डॅं या सर्जनने १८६९ मध्ये कातडीचे बारीक बारीक ठिपके लावून दाखवले, थिअर्शने १८७४ मध्ये कातडीचे पातळ पत्रे लावायची पद्धत आणली. पण उघड्या हाडावर किंवा उघड्या टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) ग्राफ्ट धरत नाही, कारण तिथे त्याला प्यायलाच काही नसतं, आणि अशा ठिकाणी फ्लॅप लागतो.

फ्लॅपची गोष्ट पुण्याशिवाय पुरी होत नाही. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला बैलगाडीवान (नाव पारशी वाटतं पण पत्रात त्याला मराठा शेतकरी म्हटलंय) १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला, टिपूने त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक लावून दिलं, आणि असं ऑपरेशन मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं होतं. पद्धत अशी की मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, आणि मग ती पिळून खाली नाकावर आणायची. त्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या, म्हणजे आपल्या पानातल्या काताच्या, पट्ट्या एकावर एक पाच-सहा लावायच्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडलेली कातडीची पट्टी कापायची. तोपर्यंत नाकाला खालून रक्त मिळायला लागलेलं असतं. आजचे सर्जनही कपाळाच्या फ्लॅपचा देठ, म्हणजे ही जोडलेली पट्टी, साधारण तीन आठवड्यांनीच कापतात! ज्या माणसाने हे केलं त्याचं नाव त्या पत्रात नाही, कावसजीचं आहे, चित्रकार जेम्स वेल्सने त्याचं चित्रही काढलं, पण कारागिराचं नाव नाही, आणि मला हे दरवेळी वाचताना लागतं.

सुश्रुतसंहितेतही झाडाच्या पानाने माप घेऊन नाक करायची कृती आहे, पण तिथे कातडी गालाची घेतलीय, नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून एरंडाच्या नळ्या घालायला सांगितल्यात. कपाळाची पद्धत मात्र जगभर गेली ती पुण्याच्या त्या पत्रामुळेच, कारण ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने सराव केला आणि १८१४ मध्ये स्वतः असं ऑपरेशन केलं. इटलीत तालियाकोत्सीने १५९७ मध्येच दंडाची कातडी नाकाला लावायची पद्धत पुस्तकात मांडली होती, त्यात हात डोक्याला बांधून कित्येक दिवस राहावं लागे.

पहिल्या महायुद्धात सर्जन हॅरोल्ड गिलीजने इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात तोफगोळ्यांनी फाटलेले चेहरे दुरुस्त केले, फ्लॅपचा देठ गुंडाळून नळीसारखा शिवला म्हणजे आतली कच्ची बाजू झाकली जाते आणि पू कमी होतो. त्याच गिलीजच्या हाताखाली शिकून आलेले मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया, त्यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडे झालेले हात दुरुस्त करण्यात आयुष्यातली खूप वर्षं घातली. कुष्ठरोग बरा झाला तरी चेहऱ्यावरून माणूस ओळखला जातो आणि घरात घेत नाहीत, त्यामुळे या कामाला नुसतं सौंदर्याचं काम म्हणणं चूक आहे.

१९७३ मध्ये मेलबर्नला टेलर आणि डॅनियल यांनी जांघेतली कातडी रक्तवाहिनीसकट पूर्ण सुटी करून घोट्याजवळ नेली आणि तिथल्या धमनी-शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडली, याला फ्री फ्लॅप म्हणतात. वाहिनी एक ते तीन मिलिमीटरची, धागा केसापेक्षा बारीक. आपल्याकडे याचा मोठा उपयोग तोंडाच्या कॅन्सरमध्ये होतो, तंबाखू-गुटखा-मिश्रीने जबडा गेला की पायातलं बारीक हाड, फिब्युला, कातडीसकट काढून त्याचा जबडा घडवतात. ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस तासातासाला फ्लॅप बघायचा, पांढरा पडला तर धमनी बंद, निळसर झाला तर शीर तुंबली, सुई टोचून रक्त कसं येतं ते बघायचं, लालभडक आलं की बरं वाटतं, काळपट रक्त भसकन आलं की सर्जनला रात्री दोनलासुद्धा उठवायचं. शीर तुंबलेल्या फ्लॅपला कधीकधी जळवा लावतात, आजच्या मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा.

आता लॅबमधली कातडी. १९७५ मध्ये अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवायचं तंत्र शोधलं, म्हणजे टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत अख्खं अंग झाकेल एवढे पत्रे. पण हा फक्त वरचा थर, खालचा जाड थर, डर्मिस, नसल्यामुळे तो नाजूक राहतो, जरा घासला की फोड. यावर १९८१ मध्ये बर्क आणि यानास यांनी गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला पदार्थ मिळून एक स्पंजासारखा सांगाडा केला, वर सिलिकॉन. दोन-तीन आठवड्यांत पेशंटच्याच रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मग सिलिकॉन काढून वर अगदी पातळ ग्राफ्ट लावायचा.

यातलं सगळ्यात मोठं काम २०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला झालं. सात वर्षांचा मुलगा, जन्मजात आजारामुळे बहुतेक अंगाची कातडी गळून गेलेली, इटलीतल्या मोदेनाच्या लॅबमध्ये त्याच्याच पेशींत बिघडलेल्या जीनची चांगली प्रत घातली, पत्रे वाढवले आणि अंगाच्या साधारण ८० टक्के भागावर ते लावले, तो मुलगा जगला. पातळ पत्र्यांचं हे जमतं, जाड टिश्यूचं नाही, कारण ऑक्सिजन केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे पोचत नाही आणि लॅबमध्ये वाहिन्यांचं जाळं विणणं फार अवघड आहे.

असली कातडी महाग, म्हणून मोठ्या भाजण्यात आपल्याकडे स्किन बँकेचा आधार असतो, मुंबईत सायन हॉस्पिटल आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशा बँका आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही, तो ग्लिसरॉलमध्ये चार डिग्रीला ठेवतात. ही परकी कातडी दोन-तीन आठवड्यांत शरीर नाकारतंच, पण तेवढ्या दिवसांत पाणी आणि मीठ वाहून जाणं थांबतं, दुखणं कमी होतं आणि पेशंटची स्वतःची मांडी पुन्हा कातडी देण्याइतकी भरून येते.

ग्राफ्ट धरल्यावर वर्षभर तो आकसत राहतो, मानेवर असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते, म्हणून कॉलर, स्प्लिंट, घट्ट कपडे आणि व्यायाम, कंटाळा आला तरी. पातळ ग्राफ्टमध्ये तेलाच्या ग्रंथी नसतात म्हणून रोज खोबरेल तेल चोळावं लागतं. घामाच्या ग्रंथीही नसतात, लॅबच्या कातडीतही अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे ज्याचं निम्मं अंग ग्राफ्टचं आहे त्याला विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी ओला टॉवेल अंगावर घेऊनच बसावं लागतं.