स्पीकर खरखरतोय? नवा घेण्याआधी हे तपासा

कॉम्प्युटरचा आवाज बिघडला की बहुतेक जण आधी स्पीकर बदलतात. नवा जोड येतो आणि खरखर तशीच राहते, कारण दोष पुष्कळदा सॉकेटमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर विंडोजमध्ये असतो. तो कुठे आहे हे आवाजाच्या जातीवरून बरंचसं कळतं. म्हणून आधी नीट ऐका: घूंऽऽ आहे, चरचर आहे, की मधूनमधून तडतड?

पहिली चाचणी मोबाइलची. स्पीकरची ३.५ मिलिमीटरची पिन कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावा. मोबाइल चार्जिंगला लावलेला नसावा. तिथेही खरखर आली तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा. पिनच्या मुळाशी वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. आवाज येत-जात असेल तर आतली तार तुटली आहे. नवी पिन सोल्डर केली की काम भागतं. आवाजाचं बटण फिरवतानाच चरचरत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ बसली आहे. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-२५ वेळा फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका. त्याचा थर आत राहतो आणि त्यावर आणखी धूळ चिकटते.

मोबाइलवर गाणं स्वच्छ वाजलं तर पुढे वाचा.

एकसारखी घूंऽऽ

ही घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. गाणं बंद असलं तरी ती येत राहते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात का, हे आठवून पाहा. येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे असं जवळजवळ धरूनच चाला. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. गोंगाट अर्थमध्ये सोडून देणं हे त्याचं काम. अर्थच नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट येऊन थांबतात. करंट अगदी थोडा असतो, पण टेस्टरचा दिवा मिणमिणतो आणि स्पीकर गुणगुणतो.

इलेक्ट्रिशियनला सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत हवेत. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो आजच काढा. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारेही असतात. तसं कधीही करू नका, एसएमपीएस आतून शॉर्ट झाला तर पूर्ण वीज पत्र्यावर येईल.

अर्थिंग ठीक असूनही गुणगुण राहिली तर कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत का बघा. दोन अर्थमधल्या फरकामुळे ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अ‍ॅम्प्लिफायरला केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही जोडलेला असेल तर त्याची छपरावरून येणारी केबल काढून ऐका. तरीही थांबलं नाही तर ऑडिओ वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा करंट अडवणारी छोटी डबी, लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला असेल तर बास थोडा कमी होतो.

गुणगुण फक्त लाइट गेल्यावर येत असेल तर कारण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. पंखा हळू केल्यावरच येत असेल तर गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. त्याजागी कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवा.

माउस हलवला की चिर्रऽऽ

हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावलाय ना? तिथली वायर मदरबोर्डपर्यंत ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते आणि वाटेतला सगळा गोंगाट उचलते. पिन मागच्या हिरव्या जॅकला लावा. मागेही तेच ऐकू आलं तर साधं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणात, जॅकच्या आतल्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. कॉम्प्युटर बंद करून पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि ती दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

मधूनमधून तडतड, पटपट

हा दोष बहुधा विंडोजमधला. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज, तिथे सर्वांत खाली मोअर साउंड सेटिंग्ज. प्लेबॅकमध्ये आपला स्पीकर निवडा, प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड. फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा आणि एन्हान्समेंट्स बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये माइकच्या प्रॉपर्टीज उघडून 'लिसन टू धिस डिव्हाइस' वर खूण असेल तर ती काढा. माइकचा सगळा गोंगाट तिथून स्पीकरमध्ये येतो.

तेवढ्याने थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हा मोफत प्रोग्रॅम १० मिनिटं चालू ठेवा. एखादा ड्रायव्हर (विंडोजकडून एखादा भाग चालवून घेणारा प्रोग्रॅम) प्रोसेसरला फार वेळ अडवून ठेवतो, तेवढ्यात आवाजाचा साठा संपतो आणि 'पट्' होतं. कोणता ड्रायव्हर ते यादीत दिसतं; अनेकदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो. वायफाय बंद करून तडतड थांबली तर त्याचाच ड्रायव्हर बदला. डिव्हाइस मॅनेजरमधून रिअलटेक या साउंड चिपच्या कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडूनही कधीकधी काम होतं.

नुसती बारीक सूंऽऽ येत असेल तर विंडोजचा आवाज ८०-१०० वर नेऊन स्पीकरचं बटण खाली घ्या. पुष्कळांचं नेमकं उलटं असतं.

दुकानात आणताना कॅबिनेटबरोबर स्पीकर, त्याचा अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्डही आणा. नुसतं कॅबिनेट आलं तर आमच्या टेबलावर, चांगल्या अर्थिंगवर, खरखर येतच नाही, आणि मशीन जसंच्या तसं परत न्यावं लागतं.