अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण आणि जाड पिन

बेळगाव, निपाणीकडे घरी हौसेनं अ‍ॅम्प्लिफायर बसवला की थोड्याच दिवसांत तक्रार येते: गाणं थांबलं तरी स्पीकर गुणगुणतोय. त्यावर कुणीतरी जाणकार थ्री-पिन प्लगची वरची जाड पिनच, म्हणजे अर्थिंगची, काढून टाकतो. गुणगुण थांबते, आणि पंचाईत तीच आहे.

आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. ती गुणगुण बहुधा याच 50 हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची. अ‍ॅम्प हॉलमधल्या बोर्डावर, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. दोघांना अर्थिंग मिळतं, पण वेगवेगळ्या वायरींतून, आणि ऑडिओ केबलमधल्या तारेभोवतीची धातूची जाळी त्यांना पुन्हा जोडते. वळसा पूर्ण होतो. दोन्ही टोकांत काही मिलिव्होल्टांचा फरक असला तरी जाळीतून करंट फिरतो आणि अ‍ॅम्प तो इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. पिन काढली की वळसा तुटतो खरा. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं, तर फेज थेट अ‍ॅम्पच्या पत्र्यावर येऊन बसते. त्यापेक्षा सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. टीव्हीची केबल काढून बघा, पुष्कळदा चोर तीच असते. तरीही भागलं नाही तर ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; त्यातून आवाज पुढे जातो, पण तारा थेट जोडल्या जात नाहीत. महागडा स्टॅबिलायझर इथं काहीच करत नाही.

अर्थिंगची सळई पुरतात त्या खड्ड्याचं गणित मातीवर ठरतं. खानापूरकडच्या जांभ्यातून पाणी लवकर निचरतं. अथणीकडची काळी माती ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळून सळईची पकड सोडते. म्हणून खड्ड्याचा रोध श्रावणात नव्हे, मे महिन्यात मोजून घ्यावा. समजा तो 5 ओहम भरला. घर फक्त स्वतःच्या खड्ड्यावर असेल तर बिघाडाचा करंट जेमतेम 46 अँपिअर. 16 अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला किमान 80 लागतात. त्यामुळे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

अ‍ॅम्पसाठी वेगळा खड्डा मारायची फॅशनही आहे. तो मुख्य अर्थिंगला जोडलेला नसेल, तर वळवाची वीज जवळपास पडल्यावर दोन खड्ड्यांत हजारो व्होल्टांचा फरक पडू शकतो, आणि मध्ये तुमचा अ‍ॅम्प.

जुन्या घरांत वायरमनकडून सॉकेट उघडून घ्या. कधीकधी अर्थच्या भोकातून न्यूट्रलला वायरचा तुकडा मारलेला सापडतो. सॉकेटच्या आधी वायरिंगमध्ये कुठं न्यूट्रल तुटली, की चालू यंत्रातून फिरून 230 व्होल्ट पत्र्यावर येतात. आधी तो तुकडा काढून खरी अर्थ वायर ओढून घ्यायची; गुणगुण नंतर बघू.