नोंद बदलताना काय पुसले जाते?

ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये सभासदाने नवा पत्ता भरून बटण दाबले की त्याच्या जुन्या नोंदीचे काय होते, हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने कोणती आज्ञा वापरली यावर ठरते. गूगलने २०१७ मध्ये आणलेल्या क्लाउड फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एक ‘डॉक्युमेंट’ असते आणि त्यात नाव, फोन, पत्ता अशी फील्ड असतात. ‘सेट’ ही आज्ञा जुने डॉक्युमेंट काढून तिथे नवे ठेवते. त्यामुळे केवळ पत्ता पाठवला, तर नाव आणि फोन नाहीसे होतात, तेही कोणतीही तक्रार न येता. ‘अपडेट’ सांगितलेल्या फील्डलाच हात लावते आणि मुळात नोंदच नसेल, तर त्रुटी कळवते. माझ्या मते ही त्रुटी उपकारकच आहे, कारण चूक निदान लगेच समजते. मात्र पत्त्याच्या पोटात गाव आणि पिनकोड असतील, तर ‘पत्ता’ या फील्डमध्ये फक्त पिनकोड पाठवल्यास ‘अपडेट’सुद्धा गाव पुसून टाकते, तिथे ‘पत्ता.पिनकोड’ असा टिंबाने जोडलेला मार्गच द्यावा लागतो.

खरा पेच दोन फोन एकाच नोंदीवर लिहू लागले की पडतो. एका पुस्तकाच्या ५ प्रती शिल्लक आहेत, दोन खिडक्यांवरच्या कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी ५ हा आकडा वाचला आणि प्रत्येकाने एक प्रत देऊन ४ लिहिले, तर कपाटात ३ प्रती आणि नोंदीत ४ अशी स्थिती होते. म्हणून आकडा पाठवण्याऐवजी ‘आहे त्यातून १ वजा कर’ असे सर्व्हरला सांगणारी ‘इन्क्रिमेंट’ ही सोय वापरतात. रेंज नसली तरी ही वजाबाकी फोनमध्ये थांबून राहते आणि जोडणी येताच पोहोचते. साध्या बदलांचेही तसेच होते, पण त्यांत शेवटी पोहोचलेला बदल टिकतो, मग तो सकाळी केलेला का असेना.

मात्र ही वजाबाकी शिल्लक पाहत नाही, त्यामुळे शेवटची प्रत दोघांना दिली गेली, तर नोंदीत उणे १ दिसेल. तिथे ‘ट्रान्झॅक्शन’ लागते: आकडा वाचून लिहिण्याच्या दरम्यान तो दुसऱ्याने बदलला, तर ते सारे काम नव्याने करते. त्यासाठी जोडणी मात्र हवीच, म्हणून रेंज नसलेल्या खिडकीवर शेवटची प्रत देता येत नाही.