मळीचे पाणी जमिनीत कुठवर गेले?

विहिरीचे पाणी तांबूस दिसू लागले आणि त्याला मळीचा वास येऊ लागला की जमीन दूषित झाली, असा ऊसपट्ट्यात सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रंग दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यातील तपकिरी रंगद्रव्याचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून मागे राहतो; क्लोराइड मात्र पाण्याबरोबर जवळजवळ बिनअडथळा पुढे सरकते. या अदृश्य क्षारांचा माग विजेच्या साहाय्याने, जमीन न खोदता काढता येतो.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारण 8 ते 15 लिटर ‘स्पेंटवॉश’, म्हणजे हेच सांडपाणी, उरतो. तो आम्लधर्मी असतो आणि त्यात पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट भरपूर असतात. पूर्वी अनेक ठिकाणी तो अस्तर नसलेल्या कच्च्या तलावांत साठवला जाई आणि तळातून मुरत राही. क्षारांमुळे पाणी वीज सहज वाहून नेते: विहिरीच्या चांगल्या पाण्याची विद्युतरोधकता, म्हणजे विजेला अडवण्याचा गुण, 20 ओहम-मीटरच्या आसपास असेल, तर स्पेंटवॉशची त्याच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी भरू शकते.

मोजणीसाठी पोलादी खुंट्या एका ओळीत, समान अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधील विद्युतदाब मोजायचा, ही रचना फ्रँक वेनर यांनी 1915 मध्ये मांडली. दोनच खुंट्या का पुरत नाहीत, हे उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात उभे राहिले की लगेच समजते. खुंटीभोवतीची माती सुटलेली असते, बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते, आणि तरीही खुंटी व माती यांच्या सांध्यातला रोध खालच्या जमिनीच्या रोधापेक्षा कितीतरी मोठा राहतो. आतल्या खुंट्यांमधून प्रवाह जवळपास वाहतच नसल्यामुळे त्यांच्या सांध्यावर विद्युतदाब खर्च होत नाही, आणि मोजणीत उतरतो तो जमिनीचाच गुण. खुंट्यांमध्ये 5 मीटर अंतर, प्रवाह 100 मिलिअँपिअर आणि दाब 64 मिलिव्होल्ट असेल, तर 2 गुणिले पाय गुणिले अंतर गुणिले दाब भागिले प्रवाह या सूत्राने उत्तर सुमारे 20 ओहम-मीटर येते. त्याच अंतरावर दाब 13 मिलिव्होल्टवर आला, तर उत्तर 4 च्या आसपास उतरते. खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिक खोल पसरतो, आणि अशा अनेक मोजण्या जुळवून संगणक मातीखालच्या मुरमाचा व त्याखालच्या काळ्या पाषाणाचा उभा छेद रेखाटतो.

मात्र येथेच खरी अडचण आहे. खडकातील पाण्याची आणि संपूर्ण खडकाची रोधकता यांचे नाते सांगणारे आर्ची यांचे 1942 चे सूत्र चिकणमातीविरहित वालुकाश्मासाठी होते. आपल्या काळ्या मातीतील चिकणकणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्याला धरून राहिलेले धन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, स्वतःच वीज वाहतात. त्यामुळे स्वच्छ, ओली काळी मातीसुद्धा 5 ओहम-मीटरपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून कमी आकडा दिसताच ‘प्रदूषण सापडले’ असे जाहीर करणे चूक आहे. यंत्राला विष दिसत नाही, आयन दिसतात. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणजे खाली पाणी आहे, असे सांगणाऱ्या पाणाड्याच्या दाव्याची पडताळणी कोणी करत नाही. रंगीत छेद दाखवणाऱ्या सल्लागाराच्या बाबतीतही तीच चूक घडता कामा नये.

पडताळणीसाठी तलावाच्या वरच्या बाजूला, भूजलाचा प्रवाह जिकडून येतो तेथे, तशाच मातीच्या रानात मोजणी करून तुलना करावी लागते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्याच जागी खुंट्या पुन्हा ठोकाव्या लागतात, कारण ओलावा आणि तापमान हेही आकडे बदलतात. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, तर रोधकता सुमारे 2 टक्के घटते. वरच्या रानापेक्षा कमी रोधकतेचा पट्टा तलावापासून उताराच्या दिशेने मुरमातून लांबत गेलेला दिसला, तर त्या पट्ट्यात आणि त्याच्या बाहेर एकेक बोअर घेऊन पाण्यातील क्लोराइड व पोटॅशियम प्रयोगशाळेत तपासावे. एरवी रानभर अंदाजाने घ्यावी लागणारी भोके अशा रीतीने मोजक्या, नेमक्या जागी घेता येतात.